टॉलेमीचे आकडे आणि केल्टिक टोळ्यांचा पत्ता: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

शीट उघडली, नाव दिलं 'अल्बियन', ब्रिटनचं जुनं नाव. सध्या टॉलेमीच्या भूगोलाचं फक्त दुसरं पुस्तक आणि त्यातही फक्त ब्रिटन. आयर्लंड नंतर बघू, गॉल (म्हणजे साधारण आजचं फ्रान्स) तर फारच मोठं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगते, इ.स. १५० च्या आसपास अलेक्झांड्रियात बसून या माणसानं जगातल्या साधारण आठ हजार ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवले, त्यात रोमन ब्रिटनमधल्या केल्टिक टोळ्या आणि त्यांची गावंही आली. त्याच्या हातचा एकही नकाशा उरलेला नाही, जे आपण 'टॉलेमीचा नकाशा' म्हणून बघतो ते सगळे त्याच्या आकड्यांवरून नंतरच्या लोकांनी काढलेले. म्हणजे खरा माल आकड्यांची यादीच आहे आणि ती सरळ शीटमध्ये भरता येते, म्हणूनच तर हे काम हातात घेतलं.

यादीची रचना एकदम साधी. आधी किनारा, म्हणजे भूशिरं, नद्यांची मुखं, खाड्या एकामागून एक. मग आत वळून टोळ्या, आणि प्रत्येक टोळीखाली तिची गावं. रेखांश शून्य कॅनरी बेटांपाशी धरलाय, त्यामुळे लंडन येतं २० अंशांवर. अक्षांश ५४. खरा अक्षांश साडेएकावन्न, म्हणजे पहिल्याच ओळीत अडीच अंश वर. बरं.

आज लंडन, कॅन्टरबरी, रिचबरो एवढं भरलं. तिन्ही कॅन्टी टोळीच्या नावावर. लंडन टेम्सच्या उत्तर काठाला, कॅन्टी दक्षिणेला केंटमध्ये, तरी यादीत लंडन त्यांचंच. रोमनांनी वसवलेलं बंदर टॉलेमीनं जवळच्या टोळीच्या खात्यात टाकून दिलं असावं असं मला वाटतं, पण हे 'टोळीची गावं' प्रकरण वाटतं तेवढं सरळ नाही हे लक्षात ठेवायचं.

११ जानेवारी

दिवसभर अपूर्णांक. टॉलेमी मिनिटं लिहीत नाही, अंशाचा अर्धा, तिसरा हिस्सा, चौथा, सहावा, बारावा असं लिहितो, आणि आकडे म्हणजे ग्रीक अक्षरं. आल्फा म्हणजे १, डेल्टा ४, लॅम्डा ३०. आता मोठ्या लिपीत आल्फा, डेल्टा आणि लॅम्डा शेजारी शेजारी लिहून बघा, तिन्ही त्रिकोणी, एक आडवी रेघ इकडेतिकडे. शेकडो वर्षं हातानं नक्कल झाली, नकलकार झोपेत असला की १ चे ४ व्हायला काय वेळ लागतो. हाताशी असलेल्या चांगल्या ग्रीक प्रती तेराव्या शतकाच्या शेवटाकडच्या, म्हणजे मूळ लेखनानंतर अकराशे वर्षांनी केलेल्या. त्यामुळे एकाच गावाला दोन प्रतींत दोन आकडे असले की दोन्ही ठेवायचे, 'वाचन १' आणि 'वाचन २' असे कॉलम केलेत, यातलं बरोबर कुठलं ते मी ठरवणार नाही.

बारावा हिस्सा म्हणजे ५ मिनिटं, अक्षांशात आजचे नऊ-सव्वानऊ किलोमीटर. एवढी अचूकता कागदावर दिसते खरी. पण टॉलेमी स्वतःच सांगतो की आकाश बघून मोजलेले अक्षांश फार थोड्या गावांचे आहेत, बाकी सगळं प्रवाशांनी सांगितलेल्या अंतरांवरून आणि दिशांवरून बसवलेलं. म्हणजे शीटमधला आकडा हा मोजमाप नाही, तो कुणाच्या तरी सांगण्याचा शेवट आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं काम वेगळं दिसायला लागतं.

१९ जानेवारी

'पुरावा' नावाचा कॉलम टाकला. चार खुणा ठरवल्या: क म्हणजे शिलालेख किंवा तसंच लिहिलेलं काहीतरी जागेवर सापडलंय, ख म्हणजे नाव अजून टिकलंय, ग म्हणजे रोमन रस्त्याच्या मैलांच्या यादीतून जागा निघते, घ म्हणजे हातात फक्त टॉलेमीचा आकडा. एकाच गावाला दोन-तीन खुणाही मिळू शकतात.

क वाली मंडळी थोडीच, पण फार दणकट. कॉर्नोव्ही टोळीचं व्हिरोकोनियम म्हणजे श्रॉपशायरमधलं रॉक्सेटर, तिथे १९२४ मध्ये फोरमच्या, म्हणजे रोमन नगरचौकाच्या, दारावरचा लेख मिळाला, सम्राट हेड्रियनला अर्पण केलेला, आणि अर्पण करणारे कोण तर 'कॉर्नोव्हींचं नगर'. काम संपलं. पॅरिसी टोळीचं पेटुआरिया (हो, पॅरिसवाल्यांचेच नामबंधू, हे यॉर्कशायरच्या पूर्व भागातले), तिथे हंबरकाठच्या ब्रफ गावात १९३७ मध्ये एक दगड सापडला, नाट्यगृहाचा रंगमंच स्वखर्चानं बांधून दिल्याचा, त्यात गावाच्या नावाची सुरुवात आहे. वेल्समधल्या सिल्युरीस टोळीचा लेख केरवेंटला १९०३ मध्ये सापडला, नगरसभेच्या ठरावानं उभारलेल्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर. आणि मजा बघा, सिल्युरीसच्या नावावर टॉलेमी एकच गाव देतो, बुलेऊम, केरवेंटचं नावच नाही! टोळीची राजधानी जमिनीतून निघाली आणि यादीत पत्ता नाही.

लेस्टरवाल्या टोळीचं नाव तर वर्षानुवर्षं 'कोरिटानी' म्हणून छापलं जात होतं कारण टॉलेमीच्या प्रतींत तसं होतं. मग केव्हज इन नावाच्या जागी एक कौल मिळालं, भाजायच्या आधी ओल्या मातीवर कुणीतरी खरवडून लिहिलेलं, आणि त्यावरून नाव निघालं कोरिएल्टावी. एका कौलानं सगळ्या नकाशांची लेबलं बदलायला लावली. नॉरफकच्या आयसेनींचं नाव टॉलेमीत 'सिमेनी' झालंय, ते रोमनांविरुद्ध बंड करणाऱ्या बुडिक्का राणीमुळे सगळ्यांना माहीत म्हणून वाचले, नाहीतर सिमेनी नावाची एक टोळी आपण आनंदानं नकाशावर मिरवत असतो.

२६ जानेवारी

सुट्टी, रविवारच होता म्हणून सुट्टी वाया गेली, पण काम चांगलं झालं.

आधी तुलनेसाठी गॉलमधली दोन गावं घेतली. मार्सेय टॉलेमीत ४३ अंश ५ मिनिटं, खरं ४३ अंश १८. पॅरिस, म्हणजे पॅरिसींचं लुटेशिया, त्याच्याकडे साडेअठ्ठेचाळीस, खरं पावणेएकोणपन्नासच्या जरा पुढे. म्हणजे फ्रान्सपर्यंत गाडी व्यवस्थित रुळावर आहे. खाडी ओलांडली की लंडन अडीच अंश वर उडतं. चूक सगळीकडे सारखी पसरलेली नाही, ब्रिटन अख्खं उचलून वर ठेवलंय.

मग ब्रिटनच्या आतलं बघितलं. लंडन ५४, यॉर्क ५७ अंश २० मिनिटं, फरक ३ अंश २० मिनिटं. खरा फरक २ अंश २७ मिनिटांच्या आसपास. भागाकार १.३६. हा आकडा बघून खुर्चीत सरळ बसले, कारण ७०० भागिले ५०० म्हणजे १.४. टॉलेमीच्या आधीच्या एराटोस्थेनिस या ग्रीक पंडितानं पृथ्वीचा घेर २,५२,००० स्टेडिया (स्टेडिया हे ग्रीक अंतराचं माप) धरला होता, म्हणजे अंशाला ७०० स्टेडिया. टॉलेमी धरतो १,८०,०००, अंशाला ५००. पृथ्वी लहान धरली की जमिनीवरचं तेच अंतर जास्त अंश खातं. म्हणजे लंडन ते यॉर्क अंतर त्याच्याकडे बऱ्यापैकी बरोबर पोचलं होतं, अंशात बदलताना ते फुगलं. पूर्व-पश्चिम तपासायला पॅरिस-लंडन रेखांशांचा फरक घेतला: त्याच्याकडे साडेतीन अंश, खरा अडीचच्या किंचित आत. परत १.४ च्या आसपास. दोन जोड्यांवरून सिद्धांत मांडायचा नसतो हे कळतंय मला, पण पृथ्वीच्या घेराचा हा ताण स्क्रिप्टमध्ये वेगळा पॅरामीटर म्हणून ठेवलाय.

१ फेब्रुवारी

आज ब्रिगान्टीस. उत्तर इंग्लंडची सगळ्यात मोठी टोळी, समुद्रापासून समुद्रापर्यंत पसरलेली, आणि गावं पण भरपूर. त्यातली तीन गावं बघा. यॉर्क: रेखांश २०, अक्षांश ५७ अंश २० मिनिटं. आल्डबरो (जुनं इसुरियम): रेखांश २०, अक्षांश ५७ अंश ४०. कॅटरिक: रेखांश २०, अक्षांश ५८ बरोबर. एकाच उभ्या रेघेवर, वीस-वीस मिनिटांनी. खरी गावं अशी एकाखाली एक नाहीत, रस्ता यॉर्कहून वायव्येला जातो.

आणि रस्ता आहेच. रोमन काळातली मार्गांची यादी, अँटोनाइन इटिनररी, तिच्यात हाच रस्ता आहे मैलांसकट: कॅटरिक ते आल्डबरो २४ रोमन मैल, आल्डबरो ते यॉर्क १७, एकूण ४१. आता एका रोमन मैलात ८ स्टेडिया धरा, ५०० स्टेडियाचा अंश म्हणजे साडेबासष्ट मैल. ४१ भागिले ६२.५, गुणिले ६०. उत्तर ३९ मिनिटं आणि थोडं. टॉलेमीनं दिलेत ४०!

मी हे तीनदा कॅल्क्युलेटरवर केलं आणि मग वहीवर पण केलं. म्हणजे त्याच्या टेबलावर (किंवा त्याच्या आधीच्या टायरच्या मरिनसच्या टेबलावर, टॉलेमीनं पुष्कळ माल त्याच्याकडून उचललाय) यॉर्क ते कॅटरिक ४१ मैल असं काहीतरी पडलं होतं, दिशा 'उत्तरेला' एवढीच होती, त्यानं अंश केले, गोल केले, मधलं गाव बरोब्बर मधे ठेवलं. १७ आणि २४ चा फरक त्यात गेला.

हुरळून पुढचा टप्पा घेतला तर फिसकटलं. कॅटरिकनंतर त्याच रस्त्यावर २२ मैलांवर व्हिनोव्हिया, आजचं बिंचेस्टर. टॉलेमीत ते कॅटरिकच्याच अक्षांशावर आहे आणि अडीच अंशांच्या आसपास पश्चिमेला, म्हणजे रस्ता सोडून कुठेतरी डोंगरात. त्या गावाची माहिती दुसऱ्याच कुठल्या यादीतून आली असणार. एका टोळीची गावं एका खाली एक छापलेली असली तरी ती एकाच हातानं मोजलेली नाहीत, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकल्पातली खरी गोम इथेच आहे. रस्त्यांच्या तुकड्यांना आता 'माळ' असा वेगळा कॉलम: जी गावं एकाच प्रवासातून आल्यासारखी दिसतात त्यांना एकच नंबर. यॉर्क-आल्डबरो-कॅटरिक माळ क्रमांक १.

९ फेब्रुवारी

मामा आले होते दोन दिवस. मोजणी खात्यातून रिटायर झालेले, आयुष्य टिपणं आणि गाव-शिवा बघण्यात गेलं, त्यामुळे स्क्रीनवर काय चाललंय ते विचारल्याशिवाय राहणार नव्हते. मी त्यांना टोळ्यांची वर्णनं मराठीत वाचून दाखवली: उत्तरेला द्वीपकल्पाच्या खाली नोव्हॅन्टी, त्यांच्या खाली सेल्गोवी, त्यांच्या पूर्वेला पण जरा उत्तरेकडे डॅम्नोनी, आणखी दक्षिणेला ओटाडिनी...

मामा म्हणाले, "अगं मग ही तर खरेदीखतातली चतुःसीमा झाली. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस तमक्याचा बांध. यात क्षेत्र कुठाय?"

"क्षेत्र नाहीच मामा, गावांचे पॉइंट आहेत फक्त."

"मग तू ही रंगीत शेतं कशाच्या आधारावर काढतेस?"

रंगीत शेतं म्हणजे पॉलिगॉन. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मी नेटवरच्या एका तयार नकाशावरून टोळ्यांच्या हद्दींचा लेयर आणून ठेवला होता, तसे नकाशे सगळीकडे आहेत, गुलाबी ब्रिगान्टीस, हिरवे आयसेनी, मधे काळी रेघ. टॉलेमीत एकही रेघ नाही. त्या रेघा आधुनिक आहेत, बऱ्याच ठिकाणी नद्या आणि आजच्या काउंट्यांच्या हद्दी बघून मारलेल्या. लेयर उडवला. आता टोळीचं नाव तिच्या गावांच्या मधे अक्षरांत पसरून लिहिणार आणि 'कोण कुणाच्या कुठल्या अंगाला' हे बाणांनी दाखवणार. दिसायला गचाळ होतंय, होऊ दे.

आणि चतुःसीमेवरून दुसरी गोष्ट लक्षात आली, शेजाऱ्याचा पत्ता पक्का नसेल तर चतुःसीमेचा उपयोग शून्य. सेल्गोवींचंच घ्या. त्यांच्या गावांत टॉलेमी 'ट्रिमोंटियम' देतो, तीन डोंगर, आणि मेलरोजजवळ आइल्डनची तीन शिखरं अशी उभी आहेत की वाद घालायची इच्छाच होत नाही, खाली न्यूस्टेडला मोठा रोमन किल्लाही निघालाय. मग त्या गावावरून सेल्गोवी ट्वीड खोऱ्यात. पण जुन्या नकाशांत हेच सेल्गोवी डम्फ्रीसकडे, सॉल्वेच्या काठाला. आणि मग त्यांची बाकीची गावं कुठे शोधायची तर 'सेल्गोवींच्या मुलखात', म्हणजे टोळी गावावरून ठरवायची आणि गाव टोळीवरून. यासाठी आता शीटमध्ये नियम: टोळीच्या नावावरून गावाची जागा ठरवली असेल तर ते पुरावा म्हणून धरायचं नाही, लाल करायचं. बरीच शीट लाल झाली.

१६ फेब्रुवारी

छोटी नोंद, पण महत्त्वाची. टॉलेमी काही गावांपुढे लष्कराची तुकडी लिहितो. यॉर्कपुढे सहावी लीजन व्हिक्ट्रिक्स. ती ब्रिटनमध्ये आली हेड्रियनच्या वेळी, साधारण इ.स. १२२ ला, आधी यॉर्कला नववी होती. म्हणजे ही ओळ १२२ नंतरची. डम्नोनी टोळीच्या (या नैऋत्य इंग्लंडमधल्या, वरच्या उत्तरेकडच्या डॅम्नोनी वेगळ्या) इस्कापुढे, म्हणजे एक्सेटरपुढे, दुसरी लीजन ऑगस्टा लिहिलीये. ती एक्सेटर सोडून इ.स. ७५ च्या सुमाराला वेल्समधल्या केरलियनला गेली, आणि केरलियनचंही नाव इस्काच! तर ही ओळ एकतर पन्नास वर्षं जुनी किंवा दोन इस्कांची गल्लत. आणि हेड्रियनची भिंत? अख्ख्या यादीत नाही. शीटमध्ये 'काळ' कॉलम वाढवला, पण फार थोड्या ओळींत भरता येतोय.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी, उपासाची साबुदाणा खिचडी खाऊन स्कॉटलंडला बसले. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं कारण टॉलेमीचं स्कॉटलंड आडवं पडलंय. इंग्लंड नीट उभं, आणि मग अचानक देश उजवीकडे वळतो, समुद्रात पूर्वेकडे डेन्मार्कच्या दिशेनं जातो. त्यामुळे त्याच्या नकाशात ब्रिटनचं सगळ्यात उत्तरेचं टोक कुठलं तर गॅलोवेचं नोव्हॅन्टी भूशिर, ६१ अंश ४० मिनिटांवर, जे खरं तर आयर्लंडसमोर, स्कॉटलंडच्या नैऋत्येला आहे.

का केलं असेल याचं सगळ्यात पटणारं उत्तर: त्याच्या मते ६३ अंशांवर थुले, ओळखीचं जग तिथे संपलं. ब्रिटन आधीच वर उचललेलं, त्यात १.४ ची फुगी, आयर्लंडचं उत्तर टोकही साडेएकसष्टला टेकलेलं. स्कॉटलंड उभं ठेवलं असतं तर डोकं छताच्या बाहेर. मग वाकवलं. (दुसरंही एक मत आहे, की वेगवेगळे तुकडे जोडताना कुणीतरी स्कॉटलंडचा तुकडा फिरवून चिकटवला. मला पहिलं जास्त पटतं, पण दोन्ही एकदम खरी असायलाही हरकत नाही.)

परत उभं करून बघितलं. दोन टोकं घेतली, नोव्हॅन्टी भूशिर म्हणजे मल ऑफ गॅलोवे, आणि ओर्कास भूशिर म्हणजे डनेट हेडच्या आसपासचं उत्तर टोक. टॉलेमीत ओर्कास ३१ अंश २० रेखांशावर, अक्षांश ६० अंश १५. दोन्ही बाजूंच्या रेघा जुळवायला नव्वदपेक्षा चार-पाच अंश जास्त फिरवावं लागतं आणि सव्वापट लहान करावं लागतं. मग तेच सूत्र वॅकोमॅगी टोळीच्या 'पिनाटा कास्त्रा'ला लावलं. याचं कारण असं की या एका किल्ल्यावरून जुना वाद आहे, काही जण म्हणतात मोरे फर्थच्या काठावरचं बर्गहेड, काही म्हणतात टे नदीवरचं इंचटुथिल, जिथे रोमन सेनापती अॅग्रिकोलाच्या मोहिमेतला लीजनचा अर्धवट सोडलेला तळ मिळाला आणि जाताना रोमनांनी खड्ड्यात पुरलेले लाखो लोखंडी खिळे मिळाले, वजन दहा टनांच्या घरात. (विरोधकांच्या हाती लोखंड लागू नये म्हणून पुरले असं मानतात.)

सूत्रानं टाकलेला पॉइंट पडला अॅबरडीनजवळ. बर्गहेडपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, इंचटुथिलपासूनही तेवढाच! दोघांनाही सारखा न्याय. बरं, सूत्र किती विश्वासाचं ते बघायला तेच टे नदीच्या मुखाला लावलं, ज्याची जागा कुणी नाकारत नाही. अक्षांश झकास आला, आणि पॉइंट किनाऱ्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या वर आत, उत्तर समुद्रात. म्हणजे पद्धतीची चूक ही दोन दावेदारांकडे बोट दाखवण्याइतकी बारीक नाहीच. नेटवर पाच-पाच दशांश स्थळं देऊन 'आम्ही पिनाटा कास्त्रा शोधला' म्हणणारे लोक आहेत, त्यांना हा टेचा पॉइंट दाखवावा. शीटमध्ये पिनाटा कास्त्रा: घ, दोन दावेदार, पुढे काही लिहिलेलं नाही.

८ मार्च

ऑफिसचं काम डोक्यावर होतं, त्यामुळे फक्त लेबलं. नामबंधूंची वेगळी यादी काढली: ब्रिगान्टीस ब्रिटनमध्ये आणि आयर्लंडच्या आग्नेयेलाही, पॅरिसी सेन काठाला आणि हंबरकाठाला, आत्रेबातीस गॉलमध्ये आणि इंग्लंडच्या दक्षिणेत, कॉर्नोव्ही श्रॉपशायरमध्ये आणि स्कॉटलंडच्या अगदी टोकाला कॉर्नावी. आत्रेबातींचा संबंध तर उघड आहे, सीझरशी बिनसल्यावर त्यांचा राजा कॉमियस पळून ब्रिटनला आला. बाकीच्यांत नातं आहे की फक्त नावं सारखी पडली, यावर पुस्तकं भरतील एवढी चर्चा आहे. मी दोन्ही जागा ठेवल्यात आणि मधे बाण मारलेला नाही.

१४ मार्च

धुळवड. खिडक्या बंद करून बसले. मामांनी फोनवर विचारलं होतं, यात आपलं काही आहे का, म्हणून सातवं पुस्तक उघडलं. आहे की! बैथाना, तगर, नासिका, सौपारा, सिमिला. पैठण, तेर, नाशिक, सोपारा, चौल. पैठणपुढे राजाचं नावही दिलंय, 'सिरो पोलेमायोस', म्हणजे श्री पुळुमावी, सातवाहन.

तपासणीसाठी हे चांगलं सापडलं. पैठण, नाशिक, सोपारा यांना बिनधास्त ख मिळतो. पण तगरसाठी एकोणिसाव्या शतकात दौलताबाद, जुन्नर अशी एकेक नावं सुचवली जात होती, शेवटी १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकानं तेर दाखवून दिलं, धाराशिव जिल्ह्यातलं. ते ठरलं नाव आणि पैठणपासूनच्या वाटेवरून. आकड्यांवर बसायची सोयच नव्हती, कारण टॉलेमीत आपला पश्चिम किनारा जवळजवळ पूर्वेकडे धावतो, द्वीपकल्प चेपून टाकलंय आणि श्रीलंका राक्षसी मोठी. स्कॉटलंड आडवं, भारत चपटा. टोकाच्या प्रदेशांचं त्याच्या हातून असंच होतं, अलेक्झांड्रियापासून लांब गेलं की सांगोवांगी वाढते.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड झालं, दुपारी गॉलचा एकच तुकडा.

गॉलमध्ये एक सोय आहे जी ब्रिटनमध्ये नाही. तिसऱ्या-चौथ्या शतकात तिकडच्या गावांनी स्वतःची नावं टाकून टोळीचं नाव लावलं. लुटेशियाचं पॅरिस झालं, ड्युरोकोर्टोरमचं रेमीवरून रँस, अव्हारिकमचं बितुरिगीवरून बूर्ज. म्हणजे टोळीचा पत्ता आजच्या रेल्वे टाइमटेबलवर छापलाय. त्यामुळे इथे टॉलेमीला पकडता येतं. तो पिक्टोनींना दोन गावं देतो, लिमोनम आणि ऑगस्टोरिटम. लेमोव्हिकींना एक, राटियाटम. लिमोनम म्हणजे प्वातिए, पिक्टोनींचंच, बरोबर. पण ऑगस्टोरिटम म्हणजे लिमोज, नावातच लेमोव्हिकी आहेत, ते त्यांचं. आणि राटियाटम म्हणजे रेझे, नाँतच्या समोर ल्वार नदीच्या दक्षिण तीरावर, पिक्टोनींच्या हद्दीत, आजूबाजूच्या रेट्झ भागाचं नावही त्यावरूनच. दोन शेजारी टोळ्यांमध्ये दोन गावांची सरळ अदलाबदल.

हे फ्रान्समध्ये घडतंय, रोमन रस्त्यांनी विणलेल्या प्रांतात, जिथे माहितीची ददात नव्हती. तर मग स्कॉटलंडमध्ये 'हे गाव टॉलेमीनं या टोळीखाली दिलंय म्हणून टोळी इथे' यावर किती भार टाकायचा? सेल्गोवींच्या ओळीला ट्रिमोंटियमसकट एक प्रश्नचिन्ह वाढवलं.

१३ एप्रिल

आयर्लंड भरून झालं. छोटंसं आहे, पण सगळ्यात वेगळं, कारण रोमन राज्य तिथे कधी पोचलंच नाही. रस्ता नाही, मैलांची यादी नाही, टोळीचं नाव कोरलेला दगड नाही. क आणि ग या दोन्ही खुणा अख्ख्या बेटाला बाद, उरले ख आणि घ. आकडे व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या तोंडून आलेले असणार, कारण किनारा भरलेला आणि आतला भाग जवळपास रिकामा.

ख मध्ये बुविंडा, म्हणजे बॉइन नदी, यात कुणाला शंका नाही. सेनोस म्हणजे शॅनन. वोलुंती टोळी म्हणजे पुढच्या आयरिश कथांतले उलाइड, ज्यांच्यावरून अल्स्टर. नागनाटाला टॉलेमी 'नामांकित शहर' म्हणतो, पश्चिम किनाऱ्यावर, आणि त्या शहराचा आजवर मागमूस नाही. एब्लाना म्हणजे डब्लिन असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं, आकडा जवळपास पडतो म्हणून आणि नाव कानाला जरा सारखं लागतं म्हणून, पण नावाचा धागा काही जुळत नाही. डब्लिनच्या उत्तरेला लॉकशिनीपाशी ड्रमनाहचं भूशिर आहे, तटबंदीवालं, तिथे रोमन माल सापडलाय, काही जण एब्लाना तिथे नेतात. घ, दोन दावेदार.

ओबोका नदीला मात्र थांबले. विकलोमध्ये आज अव्होका नावाची नदी वाहते, काठाला त्याच नावाचं गाव. बघितल्या बघितल्या ख द्यावासा वाटतो. पण ते नाव टिकून राहिलेलं नाही, टॉलेमीच्या यादीतून जुन्या इतिहासाच्या हौशी लोकांनी उचलून नदीला लावलं, गाव आधी न्यूब्रिज म्हणून ओळखलं जायचं. यादीनं नदीला नाव दिलं आणि आता नदी यादीची साक्ष देणार, हे चालणार नाही. ख च्या व्याख्येत एक ओळ वाढवली: नाव टॉलेमी छापून लोकांच्या हातात पडायच्या आधीच्या कागदपत्रांत दिसलं पाहिजे. या एका ओळीमुळे ब्रिटनच्या शीटमधलेही काही ख परत तपासावे लागणार.

ओबोकाला घ. अल्बियन आणि आयर्लंड दोन्ही फाइली सीएसव्ही करून ठेवल्या. ख ची तपासणी झाली की पुढे गॅलेशिया घेणार, तुर्कस्तानातले केल्ट, टेक्टोसागींचं अंकिरा म्हणजे आजचं अंकारा, आणि तिथल्या ऑगस्टसच्या मंदिराच्या भिंतींवर लेख अजून वाचता येतो, तेव्हा निदान पहिल्या ओळीला तरी क आणि ख एकदम मिळेल.